घरचं बाळंतपण : बाळ बाहेर आल्यानंतरचा तासभर

सातपुडा_सिस्टर (धागाकर्ती)

घरी बाळंतपण करावं का, या विषयावर बोलणं सुरू झालं की ते श्वासाचे व्यायाम, मंद उजेड आणि पाण्याचा टब यातच फिरतं. बाळ बाहेर आलं की चर्चाही आटोपते. आईच्या जिवाला खरा धोका मात्र त्याच्या पुढच्या तासाभरात असतो. म्हणून इथे आधी वार (नाळेच्या दुसऱ्या टोकाला असलेला, बाळाला पोसणारा अवयव) आणि रक्तस्राव घेऊ. बाकीचं सवडीने.

घरचं बाळंतपण दोन जातींचं. एक ठरवून केलेलं : प्रशिक्षित दाई हजर, पिशवीत औषधं, दारात गाडी. दुसरं गाडी पोचण्याआधी उरकलेलं : धडगाव-अक्कलकुव्याचे पाडे, मेळघाट, पर्लकोटा नदीला पूर आला की तुटणारं गडचिरोलीतलं भामरागड. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. उरलेल्यांचा विचार करताना डोळ्यांसमोर आधी पाडे यावेत, टब नव्हे. या दोन जातींची गल्लत केली की सल्ले धोकादायक होतात.

घरी राहण्याचा विचारसुद्धा कुणी करू नये ते आधी सांगते. आधीचं सीझर, जुळं, पायाळू किंवा आडवं बाळ, वार खाली असणं, रक्तदाब १४०/९० किंवा वर, औषधावर असलेला मधुमेह, फिट येण्याचा आजार, ३७ आठवड्यांच्या आत सुरू झालेल्या कळा, मागच्या खेपेला जास्त रक्त गेलेलं किंवा वार अडकलेली. नंदुरबार आणि गडचिरोलीत सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) यात धरायलाच हवा. आणि हिमोग्लोबिन. ११ च्या वर असलेल्या बाईला अर्धा लिटर रक्त गेलं तर ती सावरते, फक्त ७ असलेली त्याच अर्ध्या लिटरमध्ये जाऊ शकते. आठव्या महिन्यात तपासणी न झालेल्या बाईला यातलं काय आहे हे कळायला मार्गच नसतो, त्यामुळे तीही या यादीतच.

आता मुख्य भाग. बाळ आलं, पुसलं, आईच्या छातीवर ठेवलं. लगेच पोटावर हात ठेवून आत दुसरं बाळ नाही ना ते पाहायचं. मग एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचे (गर्भपिशवी आवळून रक्त थांबवणारं औषध) १० युनिट मांडीच्या स्नायूत, अर्थात शिकलेल्या हाताने. ही कुपी २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. उन्हात हिंडलेली कुपी निकामी होते आणि वरून काही कळत नाही. इंजेक्शन देणारं कुणी नसेल तर तेच काम करणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या तीन गोळ्या तोंडाने, एकदाच. दुर्गम भागात या गोळ्या आरोग्य खात्याच्या माणसाने आधी समजावून हातात दिलेल्या असतात. घेतल्यावर हुडहुडी भरते, ताप चढतो, कधी जुलाब होतात. ते अपेक्षित आहे. पण बाळ बाहेर येण्याआधी ही गोळी घेतली तर गर्भपिशवी फाटू शकते, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

वार सुटल्याच्या खुणा तीन : नाळ बाहेरून लांब झालेली दिसते, रक्ताचा एक लोंढा येतो, पिशवी गोल आणि कडक होऊन थोडी वर सरकते. तोवर नाळ ओढायची नाही. न सुटलेली वार ओढली तर एक तर नाळ तुटते, नाहीतर पिशवीच उलटी होऊन बाहेर येते, आणि ते घरात निस्तरता येत नाही. त्याऐवजी आईला लघवी करायला लावा, उकिडवं बसवा, बाळ अंगावर लावा. भरलेलं मूत्राशय हे वार अडकण्याचं आणि रक्त जाण्याचं फार साधं कारण आहे आणि हमखास विसरलं जातं. औषध दिलं असेल तर अर्धा तास, दिलं नसेल तर फार तर एक तास वाट पाहायची. वार पडली नाही पण रक्त वाहतंय, तर एक मिनिटही नाही.

पडलेली वार परातीत पसरून नीट बघायची. आईकडची खडबडीत बाजू ओंजळीत धरली की भाग एकमेकांशी जुळले पाहिजेत. खड्डा दिसला, पडदा फाटून अर्धाच आला असं वाटलं, तर तुकडा आत राहिलाय. दवाखान्यात जाताना वार पिशवीत घालून सोबत न्या, ती डॉक्टरांना बघायची असते.

-----

लीड्सकर

उत्तम सुरुवात, सिस्टर. ठरवून केलेल्या जातीबद्दल मी लिहितो. बायको आणि मी दोघंही इंग्लंडच्या मातृत्व सेवेत आहोत, पण मुद्दा आकड्यांचा आहे.

तिथे घरी दोन मिडवाइफ (बाळंतपणाचं खास शिक्षण घेतलेल्या) येतात. दुसरी बाळ येण्याच्या सुमारास, कारण त्या क्षणी दोन रुग्ण असतात आणि एका बाईला चार हात नसतात. पिशवीत बाळासाठी फुगा-मास्क (तोंडावर मास्क धरून फुगा दाबत श्वास द्यायचं साधन), ऑक्सिजन, ऑक्सिटोसिन, सलाइन, टाक्यांचं सामान आणि कळा सोसायला अर्धा ऑक्सिजन-अर्धा नायट्रस ऑक्साइड असलेला वायू.

२०११ साली इंग्लंडमध्ये कमी जोखमीच्या गरोदर बायकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. घरी सुरुवात केलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्के बायकांना कळांच्या दरम्यान किंवा लगेच नंतर रुग्णालयात हलवावं लागलं. आधी बाळंत झालेल्यांत हे प्रमाण १२ टक्के. पहिलटकरणींच्या बाळांमध्ये गंभीर दुष्परिणाम घरी हजारी ९.३ होते, डॉक्टर असलेल्या रुग्णालयात ५.३. दुसरेपणाला असा फरक आढळला नाही.

हलवायला लागण्याचं कारण बहुतेकदा 'कळा पुढे सरकत नाहीत' हे असतं, सिनेमातल्यासारखी धावपळ नव्हे. पण हलवता येणं हा त्या व्यवस्थेचा कणाच आहे. मिडवाइफ नाही, नोंद नाही, रुग्णालयाला कल्पना नाही, अशा ठिकाणी हे आकडे 'घर सुरक्षित आहे' म्हणून कुणी दाखवत असेल तर ती फसवणूक आहे.

-----

पुणेरी_पगडी

दोन शंका. प्रशिक्षित डूला आणि नवरा एवढे पुरेत का? आणि फ्लॅटमध्ये पाण्यातलं बाळंतपण शक्य आहे का? कायद्याची आडकाठी आहे का तेही सांगा.

-----

लीड्सकर

>>डूला आणि नवरा एवढे पुरेत का

नाही. डूला धीर देते, पाठ रगडते, पाणी पाजते, आणि हे सगळं मोलाचं आहे. पण ती बाळाचे ठोके मोजत नाही. ठोके पहिल्या अवस्थेत दर १५ मिनिटांनी, कळ ओसरल्यावर पूर्ण एक मिनिट ऐकायचे. जोर लावण्याच्या काळात दर ५ मिनिटांनी. मिनिटाला ११० ते १६० ही ठीक रेषा. कळ संपल्यावरही ठोके खालीच रेंगाळत असतील तर बाळ थकतंय. हे ऐकणारं कुणी नसेल तर बाळ अडचणीत आहे हे ते निळं बाहेर आल्यावरच कळतं.

टबाचं गणित करून पाहा. बाळंतपणाच्या तलावात साधारण ६०० लिटर पाणी, म्हणजे ६०० किलो एका जागी, अधिक माणसं. गच्चीत किंवा बाल्कनीत मुळीच नको, खोलीतही इमारतीच्या अभियंत्याला विचारून. पंधरा लिटरचा गीझर ६५ अंशांना तापला तर साध्या पाण्यात मिसळून ३७ अंशांचं पन्नासेक लिटर होतं. म्हणजे बारा वेळा गीझर, आणि तोवर पहिलं पाणी गार. पाणी ३७.५ च्या वर गेलं की आईला ताप चढतो आणि बाळाचे ठोके वाढतात, म्हणून थर्मामीटर सतत आत. टाकीचं किंवा बोअरचं पाणी तर यासाठी नकोच. बाळ पाण्यात आलं तर ते लगेच चेहरा वर करून बाहेर, आणि एकदा हवेला लागलेलं डोकं परत बुडवायचं नाही. हिसका लागून नाळ तुटू शकते, म्हणून बाळ हळू उचलायचं.

कळा सोसायला गरम पाण्याचा शॉवर किंवा कमरेवर ओला शेक हे तितकंच कामाचं. त्याला अभियंता लागत नाही.

-----

सातपुडा_सिस्टर

>>कायद्याची आडकाठी

घरी बाळंत होण्यावर भारतात बंदी नाही. अडचण माणसांची आहे. २०१८ मध्ये केंद्राने मिडवायफरीसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, नर्सना १८ महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण ठरलं. पण त्या नर्स रुग्णालयातल्या मिडवायफरी कक्षात काम करायच्या, घरोघर जायच्या नव्हेत. ज्यांना हस्तक्षेप कमी हवा, उभ्याने किंवा उकिडवं बसून बाळंत व्हायचंय, सोबतीला आई हवीय, त्यांनी असा कक्ष किंवा ही मुभा देणारं प्रसूतिगृह शोधावं. नैसर्गिक बाळंतपण हवं असणं आणि ते घरीच हवं असणं या दोन मागण्या आहेत. पहिली बहुतेकींची, दुसरी फार थोड्यांची.

-----

आशांची_शाळा

मी दुसऱ्या जातीबद्दल लिहितो, कारण प्रशिक्षणात तेच शिकवावं लागतं. पाणमोट फुटली, १०८ ला फोन झाला, गाडीला वेळ आहे आणि बाईला जोर लावावासा वाटतोय. आता काय?

फोन चालू ठेवा. पलीकडचा माणूस सांगत राहतो. गाडीत चढवायची घाई करू नका. डोकं दिसायला लागलेल्या बाईला खडबडीत रस्त्यावर जीपच्या मागे झोपवण्यापेक्षा घराची जमीन बरी. खोलीत वारं नको, पंखा बंद. स्वच्छ चादर किंवा धुतलेली, उन्हात वाळवलेली सुती लुगडी अंथरा. हात कोपरापर्यंत साबणाने, अंगठ्या-बांगड्या काढून, नखं कापून. जुन्या दाई प्रशिक्षणातली पाच स्वच्छतेची शिकवण आजही तशीच लागू आहे : हात, जागा, ब्लेड, दोरा, नाळ.

आई पाठीवर सपाट नको. कुशीवर, गुडघे-हातांवर किंवा उकिडवी, तिला जमेल तशी. आढ्याला दोर बांधून धरायची आदिवासी पद्धत शास्त्राला धरूनच आहे, ती मोडू नका. पोट वरून दाबायचं नाही. आत सारखं तेल घालून चाचपायचं नाही, प्रत्येक हात जंतू आत नेतो. डोकं पूर्ण वर आलं की जोर थांबवून आईला 'फू फू' करायला सांगा आणि तळहात डोक्यावर नुसता टेकवा, म्हणजे डोकं हळू सुटतं आणि खाली फाटत नाही.

डोकं आल्यावर बोटाने मान चाचपा. नाळेचा वेढा सैल असेल तर डोक्यावरून काढा. घट्ट असेल तर ओढाताण न करता बाळ तसंच येऊ द्या, वेढा नंतर सोडवा. पुढच्या कळेची वाट पाहा, डोकं आपोआप बाजूला वळतं आणि खांदे येतात. ओढल्याने खांद्याच्या नसा तुटतात, हात कायमचा लुळा पडतो. खांदा अडकलाच तर आईचे दोन्ही गुडघे तिच्या छातीकडे घट्ट दुमडा, दुसऱ्याने ओटीपोटावर, जघनाच्या हाडाच्या लगेच वर, तळव्याने दाबायचं. तेवढ्याने बरेचदा सुटतं. नाही सुटलं तर तिला हात-गुडघ्यांवर घ्या.

आधी पाय किंवा ढुंगण दिसलं तर हात लावू नका. ओढलं की बाळाचे हात वर जातात आणि डोकं अडकतं. आधी नाळच बाहेर आली तर आईला गुडघे-छातीवर, ढुंगण वर अशा स्थितीत ठेवा आणि तसंच न्या. नाळ आत कोंबायची नाही.

आता नाळ. गाडी येणार असेल तर कापूच नका. बाळ आईच्या छातीवर, वार पडली तर तीही सोबत कपड्यात. न कापलेल्या नाळेने काही बिघडत नाही, घाणेरड्या विळ्याने कापलेल्या नाळेने धनुर्वात होतो. कापायलाच लागली तर नाळेतले ठोके थांबल्यावर, निदान एक मिनिट जाऊ देऊन, पोटापासून २ सेंमीवर पहिली गाठ, ५ सेंमीवर दुसरी, मध्ये नव्या ब्लेडने काप. दोरा उकळलेला. टोकातून रक्त झिरपत असेल तर आणखी एक गाठ. वर हळद, शेण, राख, तेल, पावडर काही नाही.

-----

बालरोग_नाशिक

बाळाच्या पहिल्या मिनिटाबद्दल. जन्मलं की कोरड्या फडक्याने डोकं, पाठ, काखा जोरात पुसायच्या. पुसणं हेच उत्तेजन. ओलं फडकं टाकून द्या, दुसरं कोरडं घ्या, टोपी घाला, आईच्या उघड्या छातीवर ठेवा आणि दोघांवर मिळून पांघरूण. बहुतेक बाळं यात रडतात.

रडलं नाही तर पाठ घासा, डोकं सरळ, हनुवटी किंचित वर. तरी श्वास नाही तर मिनिटाच्या आत फुगा-मास्कने मिनिटाला ४० ते ६० श्वास. पाय धरून उलटं लटकवणं, फटके, गार पाण्याचा शिपका यात तो मिनिट वाया जातो. वार शेकली की बाळात जीव येतो ही समजूत काही भागांत अजून आहे. वार सुटल्यावर तिच्यातून बाळाकडे काहीच जात नाही.

आंघोळ २४ तास नको. अंगावरचा पांढरा थर राहू द्या. आपल्याकडे गरम पाण्याची आंघोळ म्हणजे स्वच्छता, पण गारठलेलं बाळ दूध ओढत नाही, साखर उतरते आणि ते आणखी गारठतं. पायाचे तळवे हाताला गार लागले तर बाळ गार. पहिला चीक तासाभरात. मध, गूळपाणी, गुटी, बदाम उगाळून काही नाही.

घरच्या बाळंतपणात हमखास सुटतात त्या चार गोष्टी : के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन १ मिग्रॅ, बीसीजी (क्षयाची लस), पोलिओचा जन्माचा डोस आणि २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बी. के न दिलेलं बाळ वरून अगदी ठणठणीत असतं आणि पुढच्या काही आठवड्यांत मेंदूत रक्तस्राव होऊन येतं. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर तिला ७२ तासांत अँटी-डी इंजेक्शन. म्हणजे सगळं सुखरूप पार पडलं तरी पहिल्या दिवशी दवाखाना गाठायचाच.

पहिल्या २४ तासांत पिवळेपणा, मिनिटाला ६० च्या वर श्वास, बरगड्या आत ओढल्या जाणं, दूध न ओढणं, वजन १८०० ग्रॅमच्या आत, यातलं काहीही असलं तर घरी थांबू नका.

-----

रानफूल

नाळ न कापता वार बाळाला जोडलेलीच ठेवायची, ती आपोआप गळून पडेपर्यंत, अशी पद्धत हल्ली खूप दिसते. ती नैसर्गिकच ना? आणि बाळंतिणीच्या खोलीत शेगडी-धुरी चालते का?

-----

बालरोग_नाशिक

दोनेक तास जोडलेली राहिली तर काही नाही, वर आशांच्या शाळेने सांगितलंच आहे. पण दिवसेंदिवस नको. वार बाहेर पडल्यावर रक्ताने भरलेलं मृत मांस असते. मीठ-लव्हेंडर लावून ते कुजायचं थांबत नाही आणि ते बाळाच्या बेंबीला जोडलेलं असतं. नाळ उशिरा बांधण्याचा सगळा फायदा पहिल्या एक ते तीन मिनिटांत मिळून जातो.

शेक घ्या, पण कोळशाची शेगडी बंद खोलीत नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. विटकरीचा किंवा गरम पाण्याच्या पिशवीचा शेक कमरेला चालेल. धुरी बाळाला नाहीच.

-----

सातपुडा_सिस्टर

आईकडे परत. पहिल्या तासात दर १५ मिनिटांनी पोट चाचपा. गर्भपिशवी बेंबीच्या आसपास कवठासारखी कडक लागली पाहिजे. मऊ लागली तर तळव्याने गोल गोल चोळा, लघवी करवा, बाळ पाजा. पाच मिनिटांत पॅड किंवा घडी पूर्ण भिजली, किंवा धार बारीक आहे पण थांबतच नाही, तर तो रक्तस्राव. बारीक धार जास्त फसवते, कारण कुणी घाबरत नाही. नाडी १०० च्या वर, घाम, हातपाय गार, बाई 'पाणी द्या' म्हणत अस्वस्थ झाली, म्हणजे बरंच रक्त आधीच गेलंय. रक्तदाब सगळ्यात शेवटी उतरतो, त्याच्या भरवशावर राहू नका. गाडीत पिशवी चोळत राहायचं, पाय उंच, पांघरूण, आणि रक्तगट माहीत असलेले नातेवाईक सोबत.

पुढच्या सहा आठवड्यांत थंडी-ताप, घाण वास, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी, एकच पोटरी सुजून दुखणं, यासाठी वाट पाहायची नाही. झटके बाळंतपणानंतरही येतात.

-----

धोतर_आणि_टॅब

काही खेड्यांत डॉक्टर म्हणवणारा घरी येऊन कळांचं इंजेक्शन देतो, 'लवकर सुटका' म्हणून. सिस्टर वर ऑक्सिटोसिनच सांगतायत. मग त्याचं काय चुकलं?

-----

सातपुडा_सिस्टर

वेळ चुकली. बाळ बाहेर आल्यावर ते जीव वाचवतं, आत असताना स्नायूत ठोकलं तर कळा आवरता येत नाहीत. रुग्णालयात तेच औषध सलाइनमधून थेंबाथेंबाने, ठोके बघत देतात आणि गरज पडली तर बंद करतात. स्नायूतलं परत काढता येत नाही. बाळाचा प्राणवायू तुटतो, पिशवी फाटते. बाळंतपणाआधी घरी असं इंजेक्शन देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

-----

आशांची_शाळा

दोन पुरवण्या. आदिवासी भागात प्राथमिक आरोग्य केंद्राला लागून 'माहेरघर' असतं. दिवस भरत आले की बाईने लहान मूल आणि एका नातेवाइकासह तिथे येऊन राहायचं. पूर येणाऱ्या गावांसाठी हा घरच्या बाळंतपणाला सगळ्यात चांगला पर्याय आहे, आणि तो नाकारण्याचं कारण बहुधा घरची गुरं आणि मागे राहणारी मुलं हे असतं. त्यांची सोय कोण बघणार हे सातव्या महिन्यातच ठरवा.

दुसरं, घरी जन्मलेल्या बाळासाठी आशाताईंच्या सात भेटी ठरलेल्या आहेत : दिवस १, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२. दवाखान्यात जन्मलेल्याला सहा, पहिल्या दिवसाची वगळून. या कार्यक्रमाचं मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं, आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या कामात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. आरोग्यदूत नाळ कापायला नव्हे, वजन, श्वास आणि ताप मोजायला शिकल्या होत्या.

-----

पुणेरी_पगडी

जन्मदाखला कसा मिळतो? दवाखान्याचा कागद नसतो ना.

-----

आशांची_शाळा

घरी जन्म झाला तर कळवायची जबाबदारी कुटुंबप्रमुखाची. २१ दिवसांत नोंद फुकट : गावात ग्रामपंचायतीत, शहरात पालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात. २१ ते ३० दिवस उशीर शुल्क, वर्षापर्यंत वरिष्ठ निबंधकाची लेखी परवानगी, त्यापुढे दंडाधिकाऱ्यांचा आदेश. आशा किंवा एएनएमच्या (उपकेंद्रातल्या नर्सच्या) नोंदवहीतली तारीख आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट, सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला चालतो. बाळाचं नाव ठरलं नसेल तर नावाचा रकाना कोरा ठेवून नोंद होते, त्यासाठी बारशापर्यंत थांबू नका.